फुलोरा ते फोंडंट

मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्यांच्या डोक्यावर फुलोरा टांगतात. गोड पिठाची वेणी, फणी, कुंकवाचा करंडा, चंद्र, सूर्य, शिवाय करंज्या आणि साटोऱ्या. सगळं तळायचं, दोऱ्यात ओवायचं आणि वर बांधायचं. ज्या घरात हे चालतं तिथल्या शाळकरी मुलीलाही पिठाची तीन पेडांची वेणी घालता येते. कढईत ती उलगडू नये म्हणून टोक कुठे चिमटायचं हे तिला आजीने सांगितलेलं असतं. पुढे हीच मुलगी मोठी होऊन नांदेडच्या तरोडा नाक्याकडे किंवा लातूरच्या औसा रोडला संसार थाटते आणि एक दिवस पुतण्याच्या वाढदिवसाला ट्रॅक्टरच्या आकाराचा केक करायला बसते. ट्रॅक्टर हुबेहूब होतो. मुलं टाळ्या वाजवतात. केक कापला की आतून मात्र मधोमध कच्चा निघतो.

घरी थीम केक करायला शिकणं म्हणजे काय, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या प्रसंगातच आहे. सजावट हा आपल्याकडच्या बायकांचा जुना प्रांत आहे. नवं शिकायचं असतं ते वजन, तापमान आणि किंमत. नांदेड-लातुरात गल्लोगल्ली जे शिकवलं जातं आणि मोबाइलवर जे पाहिलं जातं, त्यात बहुतेक भर सजावटीवर असतो. या विषयाचा आढावा घ्यायचा तो याच फटीत उभं राहून.

साखरेची जुनी ओळख

थीम केक ही परदेशी हौस आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा रुखवत आठवून पाहावं. कोरलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, खडीसाखरेचं मंदिर, सुपारीचे भटजी, रंगीत कुरडया-पापड्यांची फुलं, बिस्किटांचा बंगला, मुलीच्या सासरी मिरवायची बैलगाडी. खाण्याच्या वस्तूला दुसऱ्याच वस्तूचं रूप देऊन पाहुण्यांना थक्क करायचं, हाच तर थीम केकचाही हेतू. संक्रांतीचे हलव्याचे दागिने त्याहून अवघड. खसखशीच्या किंवा साबुदाण्याच्या दाण्यावर मंद आचेवर थेंबथेंब पाक सोडत, परातीत तासन् तास हात फिरवत काटा आणायचा. मग त्याचे हार, बाजूबंद, मुकुट गुंफायचे. होळी-पाडव्याच्या गाठ्याही साच्यात ओतलेल्या साखरेच्याच. पाक एकतारी झाला की दोनतारी, हवा दमट असली की काटा का धरत नाही, हे ज्ञान आपल्याकडे पुस्तकाविना चालत आलं आहे. रॉयल आयसिंग, म्हणजे वाळून कडक होणारा साखरेचा लेप, शिकवणारी व्यक्ती वेगळ्या शब्दांत हेच सांगते.

भट्टीची ओळखही नवी नाही. नांदेड हे मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्गावरचं गाव, आणि १७ सप्टेंबर १९४८पर्यंत सगळा मराठवाडाच निजामाच्या राज्यात. त्यामुळे इथल्या बेकरीची नाळ मुंबई-पुण्याइतकीच हैदराबादशी जोडलेली आहे; उस्मानिया बिस्किट आणि फ्रूट बिस्किट इथे परकं वाटत नाही. रवा, मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन बेकरीत जायचं, आपल्यासमोर नानकटाई भाजून घ्यायची आणि गरम पत्र्याच्या डब्यात घरी आणायची, ही रीत अनेकांच्या लहानपणात आहे. पण भट्टी बेकरीवाल्याची होती. आच किती, वेळ किती, हे त्याचं गुपित. घरच्या बाईच्या वाट्याला पीठ मळणं आलं, भाजणं आलं नाही. पोळी-भाकरी तव्यावर, वडे-करंज्या कढईत, मोदक वाफेवर. चहूबाजूंनी कोरडी आच देऊन भाजण्याचं तंत्र घरच्या रोजच्या स्वयंपाकात नव्हतं. ट्रॅक्टर आतून कच्चा राहतो त्याचं कारण इतकं जुनं आहे.

वाढदिवसाचा पाट आणि टेबल

भारतातल्या पहिल्या ख्रिसमस केकचं श्रेय केरळच्या तलश्शेरीतल्या माम्बळ्ली बापू यांना दिलं जातं, साल १८८३. मुंबईत मावा केकसाठी नावाजलेलं ग्रँट रोडचं बी. मेरवान १९१४चं, पुण्यातली कयानी बेकरी १९५५ची. मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावांत क्रीमचा केक घरोघरी पोचायला त्यानंतरही कैक वर्षं गेली. त्याआधी वाढदिवस म्हणजे पाट, रांगोळी, औक्षण, हातावर पेढा आणि पानात शिरा. आज दोन्ही होतं. आधी पाटावर बसवून आई ओवाळते, मग टेबलावर मेणबत्ती फुंकली जाते. दिवा ओवाळायचा आणि लगेच दुसरा विझवायचा, यात कुणाला विसंगती वाटत नाही.

मागणीचे झरेही इथले आहेत. लातूरमध्ये ‘लातूर पॅटर्न’च्या, म्हणजे वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशाच्या, शिकवण्यांसाठी बाहेरगावाहून आलेली हजारो मुलं वसतिगृहांत राहतात. त्यांचा वाढदिवस आईबाप उदगीर, देगलूर, मुखेड किंवा परभणीहून फोनवरून साजरा करतात आणि अर्धा किलोचा केक खोलीवर पोचवायला सांगतात. निकालाच्या दिवसांत केकवर स्टेथोस्कोप हवा असतो. डोहाळेजेवण, बारसं, शेतकरी वडिलांची साठी असेल तर बैलजोडी. आणि फ्लेक्सवर झळकणाऱ्या ‘भाऊं’चा चौकातला पाच-दहा किलोचा केक वेगळाच. तो तलवारीने कापल्याबद्दल पोलिसांनी गुन्हे दाखल केल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतात.

मार्च २०२०च्या टाळेबंदीने या सगळ्याला घरात आणलं. बेकऱ्या बंद, घरात माणसं कोंडलेली, हातात मोबाइल. कुकरच्या केकपासून सुरुवात करणाऱ्या बायकांपैकी काहींनी ओव्हन घेतला, काहींनी गल्लीत ऑर्डरी घेतल्या, काहींनी वर्षभरात क्लास काढले. शिकणारी आणि शिकवणारी यांच्यात दोन वर्षांचंच अंतर असणं, हे या क्षेत्राचं बळ आहे तसंच दुखणंही.

शिकायचं कुठे

सगळ्यात रुंद वाट यूट्यूबची. मधुरा बाचल यांच्यासारख्या मराठीतून शिकवणाऱ्यांमुळे इंग्रजी न येणाऱ्या बाईलाही ‘फोल्ड करणं’ म्हणजे फेटणं नव्हे हे कळलं. पण व्हिडिओतला कप कुठला? अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटरचा. आपल्या चहाच्या कपात त्याहून बरंच कमी मावतं. मैदा चाळून भरला की दाबून भरला यावरही वजन बदलतं. आठ-नऊशे रुपयांच्या नोझल संचाआधी तीन-चारशेचा वजनकाटा घ्यावा, हा सल्ला फार कमी जणी देतात.

दुसरी वाट घरगुती क्लासची: एक दिवसाचा, तीन दिवसांचा, आठवड्याचा. इथे विचारायचे प्रश्न तीनच. केक मी स्वतः करणार की तुमचा पाहणार? स्पंज मूळ साहित्यापासून शिकवणार की प्रीमिक्सच्या पाकिटातून? आणि फसलेला केक का फसला हे सांगणार का? प्रीमिक्स वाईट नसतं. ऑर्डरींच्या गर्दीत ते एकसारखा स्पंज देतं. पण केवळ त्यावर शिकलेल्या बाईला पाकीट बदललं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तिसरी वाट कमी वर्दळीची. आयटीआयमध्ये ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ हा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे, तो प्रत्येक गावात नसला तरी. बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था मोफत शिकवतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे. तिथे क्रीमची फुलं शिकायला मिळतीलच असं नाही, पण पिठात पाणी किती मुरतं आणि पदार्थ किती दिवस टिकतो हे कळतं. याच विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेसोबत विकसित केलेला लोह-जस्तयुक्त ज्वारीचा ‘परभणी शक्ती’ हा वाण २०१८मध्ये आला. आपल्या ज्वारीचा केक करावा असं अनेकींना वाटतं. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून नुसत्या पिठाचा केक भुगा होतो. थोडा मैदा किंवा कणीक मिसळली की जमतो. भाकरी थापताना उकळीच्या पाण्याने उकड काढणाऱ्या बाईला हे पटायला वेळ लागत नाही.

शिखर पाहायचं असेल तर पुण्याकडे पाहावं. प्राची धबल देब यांनी अंडं न वापरता केलेल्या रॉयल आयसिंगमधून मिलानच्या कॅथेड्रलच्या धर्तीवर शंभर किलोची कलाकृती उभारली. शाकाहारी आग्रहातूनही या कलेत पुढे जाता येतं, एवढं त्यातून नक्की शिकता येतं.

अंडं नको, वीज नाही

इथली बहुतेक मागणी अंडं नसलेल्या केकची. मारवाडी-जैन व्यापारी घरं, लातूरकडचे लिंगायत, माळकरी कुटुंबं हे तर झालंच. पण एरवी अंडं खाणाऱ्या घरातही गुरुवार, चतुर्थी, श्रावण असतोच. अंड्याने पीठ बांधलं जातं, फुगतं, तेल-पाणी एकजीव होतं. ही तीन कामं आता दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यायची असतात. दही आणि सोडा एकत्र आले की वायू तिथल्या तिथे सुटू लागतो, म्हणून मिश्रण झालं की भांडं त्याच क्षणी तापलेल्या ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. ‘जरा फोन घेते आणि ठेवते’ म्हटलं की केक बसलाच. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्डने बायकोला अंडं सोसत नाही म्हणून बिनअंड्याचं कस्टर्ड केलं आणि १८४३मध्ये यीस्टशिवाय फुगवणारी बेकिंग पावडर बनवली. एगलेसवाल्यांनी त्याचं ऋण मानायला हरकत नाही.

ओव्हन १८० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवायचा, मग सहा-सात इंची भांड्याला तीस-पस्तीस मिनिटं. हे सगळीकडे सांगतात. वीज जाणार हे कुणी सांगत नाही. साधा घरगुती ओव्हन दीड-दोन हजार वॅटचा असतो, घरच्या इन्व्हर्टरला तो झेपत नाही. भारनियमनाचा अनुभव असलेल्या भागात शिटी आणि रबर काढून, तळाशी मीठ पसरून, गॅसवर केलेला कुकरचा केक ही गरिबाची तडजोड म्हणून हिणवायची गोष्ट नाही. तो इथल्या परिस्थितीला शोधलेला शहाणा उपाय आहे. फक्त त्यासाठी जुना कुकर वेगळा ठेवावा, कारण पाण्याविना तापून भांडं खराब होतं.

बेचाळीस अंशांतलं क्रीम

केकच्या क्रीमचा एक धागा लातूरच्या आडत बाजाराजवळून जातो. अमेरिकेत बफेलो इथल्या रॉबर्ट रिच यांनी १९४५मध्ये दुधाविना फेटता येणारं क्रीम काढलं, ते सोयाबीनपासून. सोयाबीनच्या भावावर ज्या गावाचा दिवस ठरतो तिथल्या केकवालीला हे ऐकून गंमत वाटेल. आज त्या जातीच्या क्रीममध्ये बहुधा पाम-कर्नेल तेल असतं. नवखीची पहिली फसगत मात्र दुसरीच: किराणा दुकानातलं २५ टक्के स्निग्धांशाचं फ्रेश क्रीम ती तासभर फेटत बसते. ते फुलत नाही. फेटायला किमान तीस टक्क्यांच्या पुढचं लागतं.

वनस्पती-क्रीम फ्रीझरमध्ये ठेवायचं, फ्रीजमध्ये हळूहळू सैल होऊ द्यायचं आणि बर्फावर भांडं ठेवून फेटायचं. मध्येच वीज जाऊन ते वितळलं आणि पुन्हा गोठलं की दाणेदार होतं, मग त्याचं गुलाबाचं फूल उमलत नाही. अडचण अशी की लग्नसराई, मुंजी आणि सुट्टीतले वाढदिवस येतात एप्रिल-मेमध्ये, जेव्हा नांदेडचा पारा बेचाळीसच्या पुढे असतो. तेव्हा घट्ट गनाशचा आधार घ्यावा. एक भाग क्रीमला दोन ते तीन भाग डार्क चॉकलेट. केक पोचवायचा तर सकाळी लवकर किंवा दिवे लागल्यावर, आणि दोन मजली केकच्या पोटात आधाराच्या काड्या हव्यातच. आपल्या गल्लीतला एक गतिरोधक चुकला तर वरचा मजला खालच्यात जाऊन बसतो.

फोंडंट म्हणजे लाटून केकवर घालायचं साखरेचं आवरण. त्याचं गणित याच्या उलट. साखर पाणी ओढते, म्हणून पावसाळ्यात फ्रीजमधून काढलेल्या फोंडंटला घाम सुटतो. मेच्या कोरड्या हवेत ते लाटता लाटताच तडकतं. ओल्या क्रीमवर थेट फोंडंट घातलं तर ते विरघळत जातं. मध्ये गनाश किंवा बटरक्रीमचा थर लागतो. पण हीच कोरडी हवा साखरेच्या पाकळ्या आणि बाहुल्या वाळवायला उत्तम. मुंबईच्या दमट स्वयंपाकघरात दोन दिवस घेणारी बाहुली इथे लवकर कडक होते. हलव्याला काटा येतो त्याच कारणाने.

खायचं काय, दाखवायचं काय

एगलेस म्हणजे शाकाहारी असं सरसकट धरलं जातं आणि तिथेच चूक होते. फोंडंट किंवा मार्शमॅलोमध्ये जिलेटिन असू शकतं, ते प्राण्यांपासून काढतात. गुरुवारचा एगलेस केक देणाऱ्या बाईने डब्यावरचं हिरवं चिन्ह पाहायलाच हवं. चकाकीच्या पावडरीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ विषारी नाही एवढाच, खाण्याजोगी आहे असा नाही. भारतात आठ कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी आहे, तीही प्रमाण ठरवून. शेजारच्या कर्नाटकात २०२४मध्ये अन्नसुरक्षा विभागाने केकचे २३५ नमुने तपासले, त्यांपैकी १२ रंगांमुळे असुरक्षित ठरले. गडद लाल आणि काळ्या केकची मागणी आली की फिकट छटा सुचवायची, किंवा लालसाठी बीट, काळ्यासाठी कोको घ्यायचा, हे कौशल्यही शिकण्यातच मोडतं.

प्रतिमांचा प्रश्न नाजूक. तिरंग्याचा केक कापणं हा राष्ट्रीय सन्मानाचा अपमान नव्हे, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०२१मध्ये एका प्रकरणात म्हटलं. पण महापुरुषाच्या किंवा देवाच्या चित्रावरून सुरी फिरवणं इथे कुणालाच रुचत नाही. जाणत्या केकवाल्या असं चित्र केकवर खोचायच्या टॉपरवर लावतात, कापण्याआधी अलगद काढून देव्हाऱ्यात ठेवता येईल असं.

विकायचं ठरलं की कायदा येतो. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६चा. त्याखालच्या २०११च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाला साधी नोंदणी पुरेशी मानली. तेव्हा शुल्क वर्षाला १०० रुपये ठरलं; क्रमांक चौदा आकडी. घरी केलेला केक ओळखीत विकला तरी नोंदणी लागते. वस्तू विकणाऱ्याची उलाढाल ४० लाखांखाली असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. दुकानदारांसाठी केकवरचा कर २२ सप्टेंबर २०२५पासून १८वरून ५ टक्क्यांवर आला आहे. मोठा ओव्हन किंवा डीप फ्रीझर घेणाऱ्यांसाठी केंद्राने जून २०२०मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना सुरू केली. तिच्यात कर्जाला जोडून ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांच्या अनुदानाची तरतूद केली.

हौस आणि हिशेब

आता सगळ्यात कमी शिकवला जाणारा धडा. उदाहरणादाखल एक किलोचा थीम केक घेऊ. साहित्य ४५० रुपये. बोर्ड, खोका, टॉपर १२०. एकूण ५७०. वेळ मोजू: डिझाइन ठरवण्याचे फोन एक तास, सामान आणणं एक, भाजणं एक, फोंडंटची बाहुली दोन, क्रीम आणि जुळणी दोन. सात तास. बाराशेला विकला तर ६३० उरतात, तासाला ९०. ‘आपल्यातच काय घ्यायचं’ म्हणून ओळखीत सातशेला दिला तर १३० उरतात. महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे मातीच्या कामावर गेलेल्या बाईच्या निम्म्या रोजाहूनही ही कमाई कमी, आणि यात वीज, गॅस, फसलेला स्पंज धरलेलाच नाही.

तरी असे केक रोज विकले जातात, आणि ते विकणाऱ्या बाया भोळ्या नाहीत. आडतीवरच्या पट्टीतली हमाली-तोलाई एका नजरेत तपासणाऱ्या घरांतल्या त्या आहेत. मग केकपाशीच हिशेब का हुकतो? कारण फुलोरा, रुखवत, हलव्याचे दागिने यांचा मोबदला कधी पैशांत नव्हताच. ‘हौशी आहे हो सूनबाई’ हे त्याचं मोल होतं. रात्र रात्र जागून खोबरं कोरणाऱ्या मावशीचे तास कुणी मोजले नाहीत, तिनेही नाहीत. नजर आणि बोटं ज्या घरातून आली, त्याच घरातून तास न मोजण्याची सवयही आली. केक शिकताना पहिल्या गोष्टीचा फायदा फुकट मिळतो आणि दुसरीची किंमत वर्षानुवर्षं मोजावी लागते.

म्हणून शिकण्याचा क्रम लावायचा झाला तर तो असा लागेल. आधी वजनकाटा आणि एकच साधा स्पंज, ओळीने दहा वेळा, एकसारखा येईपर्यंत. मग सरळ, सपाट क्रीम. मग गनाश. नोझल आणि फोंडंट सगळ्यात शेवटी, कारण तिथे आपला हात आधीच बसलेला असतो. आणि पहिल्या दिवसापासून एक वही: डाव्या पानावर ग्रॅम, उजव्या पानावर तास. केक ओव्हनमध्ये असतो त्या पस्तीस मिनिटांत ती लिहून होते. घरच्यासाठी केला असेल तर उजव्या पानावर खाली ‘हौस’ असं लिहून रेघ मारावी. विकला असेल तर तिथे आकडा हवा.